शाल, श्रीफळ आणि ठेवीचं व्याज

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सांगलीत एका रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. देणारी संस्था अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती. पहिले मानकरी बालगंधर्व; अलीकडच्या यादीत सतीश आळेकर, प्रशांत दामले, सुहास जोशी. पदक, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि रोख २५ हजार रुपये, असं गेल्या काही वर्षांतलं स्वरूप. मुंबईहून चार माणसं गाडीनं आणून, दोन दिवस ठेवून परत पोचवायची म्हटली तर एवढ्या पैशात फारसं काही उरत नाही. तरीही नाटकवाला माणूस या पदकासाठी सांगली गाठतो, कारण बालगंधर्वांच्या ओळीत आपलं नाव लागणं याला बाजारभाव नाही.

रकमेचं काय एवढं, असं घेणाऱ्याला म्हणता येतं. देणाऱ्याला तसं म्हणून चालत नाही. सभागृह, ध्वनिक्षेपक, निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, फ्लेक्स, हार-तुरे, चहा. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या कुठल्याही पुरस्कार समारंभात पाकिटातल्या रकमेपेक्षा पाकिटाभोवतीचा खर्च जास्त असतो, हे समितीत एकदा तरी खजिनदार झालेल्या माणसाला विचारा. हा खर्च सातारा-सांगलीकडं कुणी उचलला आणि कशापायी, याची गोष्ट मानकऱ्यांच्या यादीपेक्षा मला जास्त रंजक वाटते.

तिची सुरुवात पदकाच्या आधी शंभराहून जास्त वर्षं मागं जाते. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत आली. तिचे खेळ संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि असंच काही, पण जरा नीटनेटकं, मराठीत करून दाखव असं पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. पोशाख, साहित्य, माणसांचा पोटापाण्याचा बंदोबस्त हा सगळा भार दरबारचा. मराठी रंगभूमीचे पहिले प्रायोजक म्हणून आप्पासाहेबांचं नाव घ्यायला हरकत नाही. फरक एवढाच की तेव्हा पडद्यावर सौजन्याची पाटी लावायची पद्धत नव्हती.

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि दरबाराचा हात आखडला. आश्रय एका माणसाच्या आवडीवर उभा होता. माणूस गेला, आश्रय गेला. मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ करू लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून नाटक झालं. आपण दरवर्षी १८४३ साजरं करतो, ते योग्यच आहे. पण धंदा म्हणून मराठी नाटक उभं राहिलं ते मला वाटतं १८५१ च्या त्या धक्क्यामुळं. राजा आणखी वीस वर्षं जगता तर कदाचित सांगलीच्या वाड्यातच ते म्हातारं झालं असतं.

साताऱ्याकडं याच्या उलट उदाहरण आहे. औंध हे संस्थान लहान, मुलूख विखुरलेला: काही आजच्या सातारा जिल्ह्यात, काही आटपाडी-कुंडलकडं सांगलीत, काही थेट विजापुराकडं. १९०९ ते १९४८ या काळात गादीवर होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांचं नाव घराघरात गेलं, पण ते स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत. आश्रयदात्याच्या स्वतःच्या हातात कुंचला असणं ही दुर्मीळ गोष्ट, आणि तिचे फायदे-तोटे दोन्ही असतात. चित्रकाराला काय लागतं हे त्याला कळतं. आपल्यासारखंच काढावं असंही त्याला वाटू शकतं. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिला पंतांनी एक लाख रुपये देऊ केले आणि सोबत ग्रंथात चित्रं असावीत ही अपेक्षाही ठेवली. देणगीबरोबर देणाऱ्याची आवड येते ती अशी, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पंतांनी जमवलेल्या चित्रांसाठी आणि शिल्पांसाठी १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभं राहिलं. राजा रविवर्म्याच्या चित्रांशेजारी तिथं हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं ‘आई आणि मूल’ आहे. खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर विसाव्या शतकातल्या जगातल्या मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं काम आहे, हे साताऱ्यातल्याही अनेकांच्या गावी नसतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पण संग्रहालय राहिलं, कारण ते इमारतीत, वस्तूंत आणि नोंदवहीत बांधलेलं होतं. पुढं ते सरकारच्या ताब्यात गेलं. दरबारच्या गाण्याचं काय झालं? औंधचे दरबारी गायक अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत उत्सव अंतुबुवांचे पुत्र गजाननबुवा यांच्या घराण्यानं, शिष्यांनी आणि गावकऱ्यांनी चालवला. गादी गेली तरी औंधला गाणं होत राहिलं, ते कलाकारांच्याच खांद्यावर.

याच पंतांनी आणखी एक गुंतवणूक केली होती, जिच्याकडं कलेच्या अंगानं फारसं कुणी पाहत नाही. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते; रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडं वळले. त्या माळावर नांगराचा कारखाना आला आणि दहा वर्षांत, १९२० मध्ये, नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, तेही शिकलेले चित्रकार; त्यांचे गुरू पंडित सातवळेकर, जे पुढं औंधलाच येऊन राहिले. कारखान्याच्या जाहिरातपत्रकाचं मासिक झालं, मासिकाचं ‘किर्लोस्कर’ झालं, त्यापाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. त्यातून लेखकांना, व्यंगचित्रकारांना, मुखपृष्ठं काढणाऱ्यांना कामं मिळाली. नांगर विकताना कलेला पैसा पुरवणारा हा मार्ग पुरस्कारापेक्षा टिकाऊ होता, कारण मानाबरोबर दर महिन्याचं कामही त्यात होतं.

राजे आणि कारखानदार सोडले की मग उरतो तो गाव, आणि इथं खरा अभ्यासाचा विषय सुरू होतो. चैत्र-वैशाखात सातारा-सांगलीतल्या गावांच्या यात्रा लागतात. यात्रा कमिटी बसते, घरटी पट्टी ठरते, पावतीपुस्तकं छापली जातात. रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्या. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष याच पट्ट्यातलं, बालगंधर्वांचं नागठाणंही. तमाशाची सुपारी लोकवर्गणीतून जाते. कुणी एकटा दाता नसतो, म्हणून फडमालकाला गावातल्या एका कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, अख्ख्या मैदानाची सांभाळावी लागते. ते सोपं आहे असं अजिबात नाही.

कुस्तीचं हँडबिल कधी नीट वाचून पाहा. वर देवाचं नाव, खाली क्रमांक घातलेल्या लढती. प्रत्येक लढतीपुढं दोन मल्लांची नावं, त्यांच्या तालमी, इनामाची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात इनाम देणाऱ्याचं नाव: कुणी सोसायटीचा चेअरमन, कुणी वीटभट्टीवाला, कुणी पुण्यात स्थायिक झालेला गाववाला, कुणी ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ’. एक नंबरची कुस्ती बहुतेक तीन-चार जणांत वाटलेली. शंभर रुपयांच्या पोरांच्या कुस्त्यांनाही दाता असतो. पैशाची मांडणी म्हणून पाहिली तर या कागदाला तोड नाही. खर्च पन्नास जणांत विभागलेला, प्रत्येकाला त्याच्या ऐपतीएवढी जागा, आणि दोघांनी पाय मागं घेतला तरी मैदान बंद पडत नाही. चित्रकलेच्या किंवा कवितेच्या पुरस्काराला अशी मांडणी करून पाहिलेली माझ्या नजरेला आली नाही. आपल्याकडं साहित्य-कला म्हटलं की सगळा भार एका ‘मुख्य प्रायोजका’वर टाकायची खोड आहे, तो मिळेपर्यंत समिती थांबते, आणि मिळाला की त्याच्या तारखेसाठी थांबते.

कुस्तीच्या हँडबिलाला साहित्य-नाट्य मंडळींनी शोधलेला जोड म्हणजे स्मरणिका. संमेलन असो, नाट्यस्पर्धा असो, आर्ट गॅलरीचं वार्षिक प्रदर्शन असो, स्मरणिका निघतेच. आतले लेख कोण वाचतं हा प्रश्न विचारू नये. मलपृष्ठ, आतलं मुखपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान असे दर ठरतात आणि कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन पेठेत निघतात. सराफ, हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, खतं-बियाण्यांची दुकानं, पतसंस्था, दवाखाने. सांगलीत १८३२ पासून सराफी पेढी आहे ती गाडगिळांची; भिलवडीत १९३९ पासून दूधधंदा आहे तो चितळ्यांचा; असल्या जुन्या घराण्यांपासून कालपरवा शटर उघडलेल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत सगळ्यांची पानं असल्या वह्यांत सापडतात. अर्ध्या पानात फक्त ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि दुकानाचं नाव. ती जाहिरात पाहून कुणी खत घ्यायला जात नाही. दुकानदारालाही ते पक्कं ठाऊक असतं. दारात आलेल्या माणसाला विन्मुख पाठवायचं नाही म्हणून तो पान घेतो, आणि पुढच्या वर्षी तोच कार्यकर्ता दारात आला नाही तर घेत नाही.

मग ही देणगी म्हणायची की जाहिरात? खजिनदाराच्या डोक्याला हा प्रश्न वस्तू व सेवा करामुळं लागला. धंद्याचा प्रचार होत असेल तर ते प्रायोजकत्व, त्यावर १८ टक्के कर; नुसती कृतज्ञता म्हणून नाव लावलं असेल तर कर नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं ऑक्टोबर २०१९ मध्ये यावर परिपत्रक काढलं आणि त्यात चक्क उदाहरणं दिली: योगसंस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली दात्याच्या शुभेच्छा, किंवा देवळाच्या खोलीवर वडिलांच्या स्मरणार्थ लिहिलेलं मुलीचं नाव. अशा पाटीला कर लागत नाही, मात्र पैसे घेणारी संस्था धर्मादाय हवी आणि पाटीत धंद्याची भलामण नको. म्हणजे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ हे चालतं. त्याखाली ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे पंपसेट मिळतील’ आलं की हिशेब बदलतो. मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचंही तसंच. कायद्यात कला-संस्कृतीला जागा आहे, पण मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, हे २०२१ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय तो कायदा लागू होतो ५०० कोटी नक्त मूल्य, हजार कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांतली एखादी पायरी गाठणाऱ्यांना. औद्योगिक वसाहतीतला फौंड्रीवाला त्यात बसत नाही. तो देतो ते मनानं.

साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या यांचा रस्ता वेगळा. सहकार कायद्याच्या कलम ६९ प्रमाणं संस्थेला गंगाजळीची तरतूद केल्यानंतर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक व धर्मादाय कामासाठी ठेवता येते. कृष्णाकाठच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत कारखान्यांचा वाटा मोठा, तो यामुळं. अडचण उघड आहे: ज्या वर्षी नफा नाही त्या वर्षी पुरस्कार नाही, आणि संचालक मंडळ बदललं की पुरस्काराचं नावही बदलण्याची शक्यता.

यावर उपाय म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यांत रुळलेली पद्धत म्हणजे ठेव. एखाद्या कुटुंबानं वाचनालयाकडं किंवा साहित्य परिषदेच्या शाखेकडं रक्कम द्यायची, संस्थेनं ती बँकेत ठेवायची आणि व्याजातून दरवर्षी कुणाच्या तरी स्मृत्यर्थ पुरस्कार द्यायचा. कागदावर ही व्यवस्था चंद्र-सूर्य असेपर्यंत चालणारी. हिशेब मांडून पाहू. समजा १९८५ मध्ये कुणी १० हजार रुपये दिले. तेव्हा दीर्घ मुदतीच्या ठेवीवर ११ टक्के व्याज मिळायचं, म्हणजे वर्षाला ११०० रुपये. शिक्षकाच्या पगाराशी ताडून पाहिलं तर भरघोस. आज साडेसहा टक्के धरले तर ६५० रुपये येतात. एवढ्यात शाल येईल, श्रीफळ येईल, कवी यायचा रिक्षानं. कित्येक वाचनालयांच्या अहवालांत असे पुरस्कार नुसते नावाला उरलेत. मूळ दात्याच्या नातवाला विचारायला संकोच वाटतो आणि बंद करायला संस्थेला.

याला तोड आहे, फक्त ती ठेव घेतानाच करावी लागते. सगळं व्याज वाटायचं नाही. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी ३५ हजार येतात. त्यातले २१ हजार पुरस्काराला, १४ हजार परत मुद्दलात. मुद्दल दरसाल २.८ टक्क्यांनी वाढतं आणि पंचवीस वर्षांत जवळपास दुप्पट होतं. पुरस्कारही मग ४२ हजारांच्या घरात जातो. महागाई पाच टक्क्यांनी धावली तर हेही पुरं पडणार नाही, पण २१ हजारच राहिले असते तर त्यांची किंमत तोवर आजच्या सव्वासहा हजारांवर आली असती. दुसरी खबरदारी बँकेची. आपली माणसं म्हणून गावच्या बँकेत ठेव ठेवण्याकडं ओढा असतो, आणि बुडालेल्या बँकांमागं हेलपाटे घालणारे ठेवीदार या भागानं पाहिलेत. ठेव विम्याचं संरक्षण २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. त्याआधी ते लाखभरच होतं. तेव्हा पाच लाखांहून मोठी ठेव एकाच ठिकाणी ठेवणं हा दात्याच्या पैशाशी खेळ आहे. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या संस्थेला तर पैसा कुठं गुंतवायचा यावर कायद्याचंही बंधन आहे.

पैशाचं हे झालं. आता खुर्चीचं. देणाऱ्याला व्यासपीठावर कुठं बसवायचं? त्याच्या हस्ते द्यायचा की नुसतं उपस्थितीत? निवड समितीत त्याचा माणूस असावा का? शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम नकाराचं आहे, आणि बाकीच्यांत पाहिजे तेवढी मोकळीक द्यावी. हार घाला, दोन शब्द बोलू द्या, पत्नीला ओटी भरायला बोलवा, फक्त नावांची यादी दाखवू नका. यजमान आणि कलावंत यांच्यातलं अंतर कसं सांभाळायचं याचा धडा साताऱ्याच्या मातीतच घडलाय. १९७५ मध्ये कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. देशात आणीबाणी. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली, तुरुंगातून आजारी होऊन आलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना व्हावी म्हणाल्या. यजमानाची अडचण झाली असणार, यात शंका नाही. पण मंडप उठला नाही, पंगतही मोडली नाही. दुर्गाबाईंना अटक झाली ती पुढच्या वर्षी, मुंबईत.

एका गोष्टीकडं मात्र इकडच्या दात्यांचं आणि समित्यांचं अजून लक्ष गेलेलं दिसत नाही. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथं तंतुवाद्यं बनवू लागले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात, आणि मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाचंही. पंढरपूरकडचे भोपळे येतात, ते वाळवून, कापून, लाकडाला जोडून तंबोरा उभा राहतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, त्यांच्या पुण्यतिथीला दर्ग्याच्या आवारात गवई अजून हजेरी लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नावाची चोरी थांबते. गिऱ्हाईक आपोआप येत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता मोबाइलमध्ये फुकट वाजतो. कारागिराला शालीपेक्षा आगाऊ पैसे भरलेली ऑर्डर हवी असते. दोन्ही जिल्ह्यांतले संगीत-नाट्य पुरस्कार दरवर्षी अ‍ॅक्रिलिकची सन्मानचिन्हं पुण्या-मुंबईहून करून आणतात. त्यांतल्या चार-पाच समित्यांनी गाण्याच्या मानकऱ्याला त्याऐवजी मिरजेचा तंबोरा द्यायचा ठरवलं, आणि त्याचा खर्च कुस्तीच्या हँडबिलासारखा दहा दात्यांत वाटला, तर एखाद्या वर्कशॉपला दरवर्षी चार-पाच तंबोऱ्यांचं काम घरबसल्या मिळेल. भोपळ्यावर दात्यांची नावं कोरायची का, ते कारागिरालाच विचारावं. आवाज बिघडत असेल तर तो स्वच्छ नाही म्हणेल.